टेकडीवरील चकतीचा खेळ

गॉल्फ म्हटला कीं विस्तीर्ण हिरवळ, भारी वर्गणीचा क्लब आणि काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या असें चित्र सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु याच खेळाच्या एका धाकट्या भावंडाला काठी लागत नाहीं, चेंडू लागत नाहीं, आणि पुष्कळ ठिकाणीं प्रवेशाचें शुल्कही पडत नाहीं. प्लॅस्टिकची वीतभर रुंद चकती घेऊन सार्वजनिक उद्यानांत जावें, आणि ठरलेल्या जागेवरून ती दूरच्या लोखंडी टोपलींत शक्य तितक्या थोड्या फेकींत पोंचवावी, एवढाच हा खेळ. याला डिस्क गॉल्फ म्हणतात.

हा खेळ वाढला अमेरिकेंत. प्रारंभीं खेळणारे झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा असें जें समोर दिसेल तें लक्ष्य धरीत. १९७५ सालीं एड हेड्रिक यांनीं कॅलिफोर्नियांत, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पायथ्याशीं, ओक ग्रोव्ह उद्यानांत पहिला कायमचा मार्ग आखला. सुधारलेल्या फ्रिस्बी चकतीचें पेटंट १९६७ सालीं मिळविणारे ते हेच. ओक ग्रोव्हमध्यें आधीं नुसते खांब होते. चकती खांबाला लागली कीं हुकली यावर तंटे होत. तेव्हां त्यांनीं खांबाभोंवतीं लोंबत्या साखळ्या आणि त्यांखालीं टोपली अशी युक्ति योजिली. साखळीवर आपटून चकती टोपलींत पडली कीं वाद मिटला. या साधनाचें पेटंट त्यांस १९७७ सालीं मिळालें.

सपाट जमिनीवर हा केवळ बाहुबळाचा खेळ वाटतो. टेकडीवर तो समज टिकत नाहीं. उजव्या हाताच्या खेळाडूनें हात डावीकडे नेऊन फेकलेली चकती, वेग मंदावला कीं, अखेरीस डावीकडे झुकते. उतारावर ती अधिक वेळ हवेंत राहते, म्हणून हें झुकणेंही वाढतें. चढावर तिचा वेग लौकर सरतो व ती लौकर वळते. उतारावर फेकतांना पुढची कड खालीं न ठेविल्यास वारा तिला वर उचलतो, आणि ती मध्येंच अडखळून भलतीकडे पडते. त्यांतून कडेवर पडली तर चाकासारखी घरंगळत दरींत जाते.

सांताक्रूझ शहराच्या डेलाव्हिएगा उद्यानांत आखलेला मार्ग अशाच चढउतारांचा आहे. त्यांतील सत्ताविसाव्या टप्प्याच्या उंच जागेला ‘जगाचा माथा’ अशा अर्थाचें नांव पडलें. तेथून माँटेरेचा उपसागर दिसतो आणि टोपली दूर खालीं असते. अशा ठिकाणीं सर्व बळ एकवटून चकती भिरकावून देण्याचा मोह कोणास होणार नाहीं? जाणता खेळाडू मात्र चकती कोठें थांबेल याचा विचार आधीं करतो. टोपलीच्या मागें उतार असला तर एका धाडसी फेकीपेक्षां दोन खात्रीच्या फेकी तो पत्करतो. टोपलीपासून दहा मीटरांच्या आंत तर फेकल्यावर तोल सांवरल्यावांचून पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं असा नियमच आहे, आणि निसरड्या उतारावर तो पाळणें सोपें नसतें.

ही झाली खेळाडूची स्वतःशीं कसोटी. दुसरी कसोटी शेजाऱ्यांची आहे. त्याच उद्यानांत वृद्ध फिरावयास येतात, मुलें धांवतात, कोणी कुत्रें घेऊन जातो. चकतीची कड कठीण असते. डोक्यास लागली तर गंभीर इजा होते. टेकडीपलीकडचा उतार फेकणारास दिसतही नाहीं. म्हणून सोबत्यानें पुढें जाऊन वाट मोकळी असल्याची खूण करावी, मगच चकती हातांतून सुटावी. वाट अडविणारी झाडाची फांदीही मोडावयाची नाहीं. शेंकडों पावलें एकाच उतारावर पडलीं कीं गवत झिजतें, पावसांत माती वाहते, मुळें उघडीं पडतात. याकरितां समंजस व्यवस्थापक टोपल्यांच्या जागा अधूनमधून बदलतात आणि झिजलेल्या वाटांवर लांकडाच्या ढलप्या पसरतात.

खाजगी क्लबाभोंवतीं कुंपण असतें व आंत येणारा पैसे मोजून येतो. उद्यानाची जागा सर्वांची. तेथें खेळाडूला मिळालेली मोकळीक इतरांच्या सहनशीलतेवर उभी असते. एखादें मूल जखमी झालें, एखादा उतार उजाड झाला, तर तक्रार होते आणि टोपल्या उखडल्या जातात. मग ज्याच्यापाशीं क्लबाची वर्गणी भरण्यास पैसा नाहीं, त्या गरिबाचाच खेळ जातो. वाटसरू पुढें जाईपर्यंत चकती हातांत धरून क्षणभर थांबणें, हें या खेळाचें खरें शुल्क आहे. आणि तें प्रत्येक फेकीस भरावें लागतें.