किल्ल्याचा रंग कोणता?

सहामाही परीक्षा आटोपली की मुले अंगणात माती कालवायला बसतात. दगडविटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचे, चिखल लिंपायचा, हळीव-मोहरी पेरायची, की झाला दिवाळीचा किल्ला! ही हौस पुण्याकडे जास्त. पण आपल्या वऱ्हाडातही आता किल्ले दिसू लागले आहेत. त्यांच्यामागून स्पर्धा आल्या. स्पर्धा म्हटली की परीक्षक आला, आणि परीक्षक आला की गुण कापणे आलेच.

अशाच एका स्पर्धेत तटाला लाल रंग दिला म्हणून एका पोराचे गुण गेले. ‘किल्ले काळ्या दगडाचे असतात,’ एवढाच शेरा. पोर हिरमुसले, आणि पुढल्या दिवाळीला त्याने मातीला हातच लावला नाही.

आता, सह्याद्रीतले किल्ले काळ्या दगडाचे, हे खरेच. परंतु खामगावहून अकोल्याकडे निघा. वाटेत बाळापूर लागते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा तिथला किल्ला 1757 साली पुरा झाला. त्याचे तट आणि बुरूज पाहा, चांगल्या पक्क्या विटांचे आहेत! अकोट तालुक्यातल्या नरनाळ्यावर जा, तर तिथला 1487 सालचा महाकाली दरवाजा पांढरट वालुकाश्माचा. मग लाल तट चुकला कसा? त्या पोराला कोणी एवढेच विचारायला हवे होते, ‘बाबा रे, हा तुझा किल्ला कुठला?’

दुसऱ्या टोकाचे गुरुजीही आहेत. ‘खेळच तो, काही का करीनात!’ म्हणतात. मला हेही पटत नाही. शिवाजीमहाराजांच्या मावळ्याच्या हाती आजची रायफल असली, तर तोड्याची बंदूक कशी डागीत, हे सांगायची आयती संधी आपण दवडतो. आता गडावर प्लॅस्टिकचे विमानही उतरते म्हणा! पण विमानांच्या छोट्या प्रतिकृती रंगवणारे हौशी लोकही ह्याच वादात असतात. पंखावरच्या गोलात लाल ठिपका हवा की नको, यावर ते भांडतील. त्यालाही कारण आहे. जपानी विमानावर लाल गोळा असे. गफलतीने आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊ नये, म्हणून 1942 साली इकडच्या आघाडीवर ब्रिटिश आणि हिंदी विमानांवरचा लाल ठिपका काढून टाकला. हे ऐकल्यावर रंगवण्याची गोडी कमी होईल का? माझ्या मते दुणावेल.

मापाचे तसेच. साडेपाच फुटी माणसाचा मावळा चार इंचांचा घेतला, तर तीस फुटी तट सुमारे बावीस इंचांचा हवा. त्रैराशिकाचे गणित आहे, मुलांकडूनच करवून घ्या. उत्तर आल्यावर तट नऊ इंचच ठेवायचा असेल, तर खुशाल ठेवू द्या. हळिवाचे रोप मावळ्याच्या डोक्यावरून जाते, तेव्हा आपण कुठे तक्रार करतो?

गुणपत्रकात मात्र मी एक रकाना वाढवीन. किल्ला करणाऱ्याने दोन वाक्यांत सांगावे, हा किल्ला कोणता, आणि मी कुठे, कशासाठी बदल केला. ‘मनचा किल्ला आहे, मला लाल आवडतो,’ हे उत्तर आले, तरी पुरे गुण द्यावेत.

आणि रंग विकतच आणला पाहिजे असे नाही. विटेच्या तटाला गेरू चालतो, त्यात चिमूटभर काजळी. काळ्या दगडासाठी कोळसा वाटून चिखलात कालवा. पण लिंपण पुरते वाळू द्या हं, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरूज खाली बसतो.