रागावलेली थाळी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘घरकाम आणि वेळ’ या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रात पास्त्याचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. आपल्याकडे तो शहरी चोचल्यांचा पदार्थ. पण रोम आणि आसपासच्या लाझिओ प्रांतात ते साधं घरगुती जेवण आहे. त्यातल्या एका तिखट, बिनमांसाच्या प्रकाराचं नाव ‘अर्राब्बियाता’. इटालियन भाषेत याचा अर्थ ‘रागावलेली’, आणि शब्द स्त्रीलिंगी आहे! राग अर्थात मिरचीचा. लसूण, सुकी मिरची, टोमॅटो, तेल, मीठ; पास्ता सोडला तर सगळं आपल्या फडताळात असतंच.

कृती सांगते. चौघांसाठी ४०० ग्रॅम पेन्ने, म्हणजे तिरका कापलेला नळीचा पास्ता घ्या. ४ लिटर पाणी उकळलं की दोन मोठे चमचे मीठ घाला. पाण्यात तेल घालू नका, रस्सा पास्त्याला धरत नाही. शेजारच्या शेगडीवर चार मोठे चमचे तेल तापवा. तिथे ऑलिव्हचं वापरतात, आपल्याला शेंगदाण्याचं चालेल. मंद आचेवर चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि दोन-तीन सुक्या मिरच्या मोडून टाका. लसूण करपला की कडू होतो. मग पाऊण किलो पिकलेले टोमॅटो चिरून घाला, मीठ घालून पंधरा मिनिटं रटरटू द्या. पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी पास्ता निथळा, पण वाटीभर पाणी राखून ठेवा. त्या पाण्यासकट पास्ता रश्श्यात घालून मोठ्या आचेवर हलवा. पाण्यात उतरलेल्या पिठामुळे रस्सा मिळून येतो. वरून तिथे पार्सली घालतात, आपण कोथिंबीर घालू.

झालं अर्ध्या तासात. पण अर्धा तास कुणाचा? टोमॅटो संपलेत हे लक्षात ठेवणं, ते आणणं, लसूण सोलणं, पातेली घासणं, ओटा पुसणं हे कुठल्याच ‘झटपट’ पाककृतीत मोजलेलं नसतं. आणि ज्या घरांत भांडी घासायला बाई येते, तिथे ते काम दुसऱ्या बाईकडे जातं, पुरुषाकडे नाही.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीचे आकडे बघा. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, २०२४ मध्ये २८९. पुरुषाची ९७ होती, ती ८८ झाली. म्हणजे आपली दहा मिनिटं वाचली, ती त्यांच्या वाट्याला गेली नाहीत. शिवाय ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात २६ होते.

झटपट पदार्थ काम कमी करतात, वाटून देत नाहीत. हा पदार्थ ज्या देशातला, तिथल्याच पाडुआ शहरात १९७२ साली मारियारोसा दल्ला कोस्ता आणि इतर स्त्रियांनी ‘घरकामाला वेतन’ या मोहिमेची सुरुवात केली. रोज कामगाराला जेवू घालून पुन्हा कामावर पाठवणारं श्रम कुणाच्याच हिशेबात नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वेतनाच्या मागणीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, असू देत. हिशेब मांडण्याबद्दल नसावेत.

म्हणून माझी सूचना अशी: हा पदार्थ तुम्ही करू नका, घरी शिकवा. नवऱ्याला, मुलाला, दिराला. कृती सोपी आहे, पोळ्या लाटता येत नाहीत ही सबब इथे चालत नाही. बैठकीच्या संध्याकाळी यादी, बाजार, रांधणं आणि भांडी हे सगळं त्यांचं. तिखट झालं तर झालं, नावातच राग आहे! पुढच्या बैठकीला येताना मात्र एवढंच सांगा: तुम्ही घरी पोचलात तेव्हा पातेलं घासलेलं होतं का?