शौल राजा आणि देवाचें मौन

ठाणें शहरांत टेंभी नाक्यावर बेने इस्राएल लोकांचें एक जुनें प्रार्थनामंदिर आहे. तें १८७९ सालचें. त्याचें हिब्रू नांव 'शाअर हाशामाईम' असें असून त्याचा अर्थ 'स्वर्गाचें द्वार' असा होतो. कोंकणच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालविणारी आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत असल्यामुळें 'शनवार तेली' म्हणून ओळखली जाणारी ही मराठी बोलणारी मंडळी पुढें मुंबई-ठाण्याकडे येऊन स्थायिक झाली. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झाल्यानंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें तिकडे निघून गेलीं. तथापि ठाण्याचें प्रार्थनामंदिर अद्यापि नांदतें आहे.

या समाजाचा पुरीम नांवाचा सण बहुधा आपल्या होळीच्या सुमारास येतो. त्यामुळें जुन्या पिढीचे लोक त्याला सरळ 'होळीचा सण' म्हणत. पुरीमच्या आधींच्या शनिवारीं यहुदी प्रार्थनामंदिरांतून शमुवेलाच्या ग्रंथांतील एक प्रकरण वाचण्याची रीत आहे. सण आनंदाचा, परंतु प्रकरण दुःखाचें. इस्राएलाचा पहिला राजा शौल देवाच्या मनांतून कसा उतरला, ही त्यांतील कथा होय.

बायबलांतील कथा मराठी कानांना परक्या नाहींत. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल समाजांतील कांहीं उत्साही गृहस्थांनीं आपल्या हरिदासांचें कीर्तन ऐकून तोच प्रकार उचलला, आणि अब्राहामादि पूर्वजांचीं चरित्रें ओव्या, साक्या व दिंड्या घालून मराठींत गाइलीं. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या रचनाकारांतील एक प्रमुख होत. मात्र शौलाचें चरित्र आख्यानाच्या नेहमींच्या सांच्यांत सहजासहजीं बसणारें नव्हे. आपल्या आख्यानांत भक्तावर संकट येतें, त्याची कसोटी लागते, तो धांवा करतो आणि अखेर देव धांव घेतो. गजेंद्रासाठीं तो धांवला, द्रौपदीला त्यानें वस्त्रें पुरविलीं, प्रल्हादासाठीं खांबांतून प्रकटला. शौलाच्या चरित्रांत संकट आहे, कसोटी आहे, धांवाहि आहे. परंतु देव येत नाहीं. तो बोलतहि नाहीं. एकदां नव्हे, तीन प्रसंगीं शौलाला हें मौन भेटलें, आणि प्रत्येक प्रसंगीं त्यानें त्याचें काय केलें यांतच त्याचें सारें चरित्र सांठविलेलें आहे.

काळ इसवी सनापूर्वीं अकराव्या शतकाच्या अखेरचा, असें अभ्यासक सामान्यतः मानतात. इस्राएलाचे वंश विखुरलेले होते. समुद्रकांठच्या पलिष्टी लोकांचा वरचष्मा इतका कीं नांगराचा फाळ पाजवून घेण्यासाठींहि इस्राएल लोकांना त्यांच्याकडेच जावें लागे. म्हणून त्यांनीं वृद्ध भविष्यवादी शमुवेल याच्यापाशीं राजा मागितला. बन्यामीन वंशांतील कीश नांवाच्या गृहस्थाचा मुलगा शौल बापाचीं हरवलेलीं गाढवें शोधीत हिंडत होता. तो शमुवेलाकडे गाढवांचा पत्ता विचारण्यास आला आणि राज्याचा अभिषेक घेऊन परतला. सर्व लोक त्याच्या खांद्याला लागत, एवढा तो उंच. परंतु चिठ्ठ्या टाकून राजा म्हणून त्याचें नांव निघालें, तेव्हां हा धिप्पाड तरुण सामानसुमानाच्या आड लपून बसला होता.

लौकरच याबेश-गिलाद नांवाच्या गांवाला अम्मोनी राजा नाहाश यानें वेढा घातला आणि प्रत्येकाचा उजवा डोळा काढण्याची अट घातली. ही बातमी आली तेव्हां शौल बैलांमागून शेतांतून येत होता. त्यानें सैन्य जमविलें, रात्रीच्या शेवटच्या प्रहरीं शत्रूवर घाला घातला आणि गांव सोडविलें. पूर्वीं त्याची हेटाळणी करणाऱ्यांना आतां ठार मारावें, असें लोक म्हणूं लागले. त्यानें तें होऊं दिलें नाहीं. शौल दुष्ट नव्हता, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एरवीं त्याची कथा म्हणजे दुष्टाला झालेली शिक्षा, एवढाच तिचा अर्थ उरेल.

पहिलें मौन गिलगाल येथील. पलिष्ट्यांचे रथ व घोडेस्वार मिखमाशापाशीं जमले होते. शौलानें सात दिवस वाट पाहावी, मग शमुवेल येऊन होम करील आणि पुढें काय करावयाचें तें सांगेल, असें ठरलें होतें. सात दिवस गेले, शमुवेल आला नाहीं. सैनिक गुहांत, झुडपांत, खड्ड्यांत लपूं लागले. जवळ सुमारें सहाशें माणसें उरलीं. तेव्हां शौलानें स्वतःच होम उरकून घेतला. तो संपतो न संपतो तोंच शमुवेल येऊन उभा राहिला, आणि हें राज्य शौलाच्या घराण्यांत टिकणार नाहीं, असें त्यानें सांगून टाकलें.

ही शिक्षा वाचणाऱ्याला कठोर वाटते. ज्याचें सैन्य डोळ्यांदेखत वितळत आहे, त्या सेनापतीनें आणखी काय करावें? परंतु शौलानें दिलेलें कारण पाहण्यासारखें आहे. लोक पांगत होते, शमुवेल वेळेवर आला नाहीं, शत्रु जवळ होता, म्हणून मन घट्ट करून होम केला, असें तो म्हणाला. त्याच्या लेखीं होम हें लढाईच्या तयारींतील एक काम होतें. तें उरकलें कीं देवाकडील बाजू पुरी झाली. मौन हा त्याला केवळ विलंब वाटला, आणि विलंब त्याला सोसवला नाहीं.

दुसरें मौन याच मोहिमेंतील. शौलाचा पुत्र योनाथान यानें एकट्या शस्त्रवाहकास बरोबर घेऊन शत्रूच्या चौकीवर चाल केली आणि पलिष्ट्यांची दाणादाण उडविली. इकडे शौलानें, संध्याकाळपर्यंत जो अन्नाला शिवेल तो शापित, अशी शपथ सैन्याला घातली होती. योनाथानाला ती ठाऊक नव्हती. वाटेंत त्यानें काठीच्या टोंकानें थोडा मध चाखला. रात्रीं शत्रूचा पाठलाग करावा काय, असें शौलानें देवाला विचारलें. उत्तर आलें नाहीं. तत्क्षणीं त्यानें ठरविलें कीं कोणीतरी पाप केलें आहे, आणि तो योनाथान असला तरी मरेल. चिठ्ठी योनाथानाच्याच नांवानें निघाली. ज्याच्यामुळें त्या दिवशीं जय मिळाला त्या मुलाला बाप मारावयास निघाला. लोकांनीं आड येऊन त्याला वांचविलें. देव बोलत नाहीं, त्या अर्थीं दुसऱ्या कोणाचें तरी पाप असलें पाहिजे, असें शौलानें धरलें. आपली शपथच अविचाराची असेल, ही शंका त्याच्या मनाला शिवली नाहीं.

यानंतरचें अमालेकी लोकांवरील स्वारीचें प्रकरण, तेंच पुरीमच्या आधींच्या शनिवारीं वाचतात. कारण पुरीमच्या कथेंतील खलपुरुष हामान हा अमालेकी राजा अगाग याचा वंशज, असें परंपरा मानते. शत्रूंपैकीं कोणालाहि, त्यांच्या गुरांनाहि, जिवंत ठेवूं नये, अशी शौलाला आज्ञा होती. आजच्या वाचकाच्या मनाला ही आज्ञा रुचणार नाहीं, आणि ती रुचावी असा आग्रहहि कोणी धरूं नये. परंतु शौलानें ती मोडली ती दयेपोटीं नव्हे. सामान्य माणसें त्यानें मारलीं. राजा तेवढा वांचविला, आणि रोड गुरें मारून पुष्ट तेवढीं ठेवलीं. शमुवेलानें मेंढरांचा आवाज ऐकून जाब विचारला, तेव्हां लोकांनीं तीं देवाला अर्पण करण्यासाठीं ठेवलीं आहेत, असें त्यानें उत्तर दिलें. पुढें लोकांचें भय वाटल्याचें त्यानें कबूल केलें. पण शेवटची विनंती काय, तर वडीलधाऱ्यांसमोर आपला मान राखावा! शमुवेल त्या दिवसानंतर पुन्हां त्याच्या भेटीला आला नाहीं; मात्र तो त्याच्यासाठीं शोक करीत राहिला.

मग शौलाच्या मनावर अंधार पसरला. त्याची तळमळ शांत व्हावी म्हणून दावीद नांवाच्या मेंढपाळाच्या मुलाला वीणा वाजविण्यास आणलें. तोच दावीद लढाईंत नांवाजला, आणि शौलानें त्याच्यावर भाला फेंकला. दावीद पळाला, वाटेंत नोब येथील याजक अहीमलेख यानें त्याला भाकरी दिली. एवढ्या कारणावरून शौलानें पंचायशीं याजकांचा वध करविला. राजाच्या सैनिकांनीं याजकांवर हात टाकण्यास नकार दिला, तेव्हां दवेग नांवाच्या एका अदोमी सेवकाकडून हें काम करून घेतलें. अहीमलेखाचा एक मुलगा अब्याथार तेवढा वांचला. देवाला कौल लावण्याचें जें याजकांचें एफोद नांवाचें वस्त्र, तें घेऊन तो दावीदाकडे गेला.

ही गोष्ट लक्षांत ठेवली म्हणजे तिसऱ्या मौनाचा उलगडा होऊं लागतो. अनेक वर्षांनीं पलिष्ट्यांचें मोठें सैन्य शुनेम येथें उतरलें. शौल गिलबोवा डोंगरावर होता, आणि शत्रूची छावणी पाहून त्याचें काळीज थरथरलें. त्यानें देवाला विचारलें. स्वप्नांतून उत्तर नाहीं, याजकांच्या कौलांतून नाहीं, भविष्यवाद्यांकडूनहि नाहीं. उत्तर कोठून यावें? कौल लावणारे याजक त्यानेंच मारविले होते. शमुवेलाचें न ऐकतां ऐकतां आयुष्य गेलें होतें, आणि आतां तो मरून गेला होता. देवाचा शब्द ज्या ज्या वाटांनीं येत असे त्या वाटा शौलानें एकेक करून बुजविल्या होत्या.

तेव्हां ज्या मांत्रिकांना त्यानें स्वतःच देशांतून घालवून दिलें होतें, त्यांतील एक बाई त्यानें शोधून काढली. वेष पालटून, दोन माणसें घेऊन, तो रात्रीं एन-दोर येथें गेला आणि मृत शमुवेलाला वर बोलावण्यास सांगितलें. शमुवेल आला असें ग्रंथ म्हणतो. पण त्यानें नवें कांहीं सांगितलें नाहीं. उद्यां राजा आणि त्याचे पुत्र मृतांत असतील, एवढेंच. शौल उभाच्या उभा जमिनीवर कोसळला. दिवसभर त्याच्या पोटांत अन्न नव्हतें. त्या बाईनें घरचें पुष्ट वासरूं कापलें, भाकरी भाजल्या आणि त्याला आग्रह करून जेवूं घातलें. ज्याच्या हुकुमानें तिच्या जिवावर बेतलें होतें, त्याला शेवटचें जेवण तिच्याच हातचें मिळालें.

येथें एक चमत्कारिक विसंगति आहे. शमुवेलाचा ग्रंथ म्हणतो कीं शौलानें देवाला विचारलें, पण देव बोलला नाहीं. बायबलांतीलच 'इतिहास' नांवाचा दुसरा ग्रंथ म्हणतो कीं शौलानें देवाला विचारलेंच नाहीं, म्हणून तो मेला. दोन्हीं खरें कसें असावें? एक उत्तर असें कीं विचारणें दोन प्रकारचें असतें. माझें काय होणार, हें एक. आणि मीं काय करावें, हें दुसरें. शौलानें आयुष्यभर पहिला प्रश्न पुन्हां पुन्हां विचारला. दुसरा विचारला तो लढाईपुरता, आणि उत्तर गैरसोयीचें असलें तर तें बाजूला ठेवलें.

त्याच्यानंतरचा राजा दावीद हा कांहीं त्याच्याहून निष्कलंक नव्हता. त्यानें उरीया नांवाच्या सैनिकाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईंत मारविलें. परंतु त्याला जाब विचारला गेला तेव्हां त्यानें लोकांकडे बोट दाखविलें नाहीं. त्याचें मूल आजारी पडलें. तो उपाशीपोटीं सात दिवस जमिनीवर पडून देवाला विनवीत राहिला. सातव्या दिवशीं मूल गेलें. दावीद उठला, त्यानें स्नान केलें, देवाच्या मंदिरांत जाऊन नमस्कार केला आणि मग अन्न घेतलें. देवानें मागितलें तें दिलें नाहीं, तरी त्यानें देवाशीं नातें तोडलें नाहीं. इंद्रायणीच्या कांठीं तेरा दिवस निरशन पडून राहिलेल्या तुकोबांची कथा महाराष्ट्राला ठाऊकच आहे. त्यांच्या वह्या वर आल्या ही त्या कथेची फलश्रुति. पण तेरा दिवस त्या वर येतील कीं नाहीं हें ठाऊक नसतां ते तेथें बसले, हा तिचा गाभा आहे. शौलाला सात दिवसांचा शेवटचा प्रहर निभला नाहीं.

तथापि त्याचा शेवटचा दिवस त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊं नये. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार जोसीफस यानें शौलाची मुक्तकंठानें प्रशंसा केली आहे ती याच दिवसासाठीं. जय मिळेल या आशेनें लढणारे पुष्कळ असतात. मरण निश्चित असल्याचें कळूनहि शौल पळाला नाहीं, लोकांना सोडून गेला नाहीं. गिलबोवावर योनाथानासह त्याचे तीन पुत्र पडले. बाणांनीं घायाळ झालेला शौल स्वतःच्या तरवारीवर पडून मेला. चिमाजी अप्पांनीं वसई घेतली त्याच १७३९ सालीं लंडनमध्यें हँडेल या संगीतकारानें शौलाचें चरित्र स्वरबद्ध करून सादर केलें. त्यांतील शोकसंगीत पुढें इंग्रजांच्या मोठ्या अंत्ययात्रांतून वाजूं लागलें.

पलिष्ट्यांनीं शौलाचें धड बेथ-शानच्या तटावर टांगलें. त्या वेळीं त्याच्यासाठीं कोण आलें? याबेश-गिलादचे लोक. ज्यांचे डोळे त्यानें तारुण्यांत वांचविले होते ते रात्रभर चालत आले, राजाचें आणि त्याच्या पुत्रांचीं प्रेतें उतरवून घेऊन गेले, त्यांचें दहन केलें, अस्थि एका झाडाखालीं पुरल्या आणि सात दिवस उपास केला. शौलाला शेवटीं देवाकडून शब्द मिळाला नाहीं. परंतु त्यानें निर्भय मनानें केलेलें एक सत्कृत्य चाळीस मैलांच्या आंतच कोठें तरी जिवंत होतें, आणि वेळ येतांच तें चालत त्याच्याकडे आलें. याहून अधिक उत्तर ग्रंथ देत नाहीं. घरांत असाध्य दुखणें असतां, किंवा दूर गेलेल्या माणसाची वार्ता नसतां, ज्यांनीं रात्री काढल्या आहेत त्यांना एवढें उत्तरहि थोडें वाटणार नाहीं.