हरकतीच्या अर्जातील अर्थशास्त्र



रायगड जिल्ह्यातील महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्याचा विषय निघाला, की मोर्चे, उपोषणे आणि एन. डी. पाटील यांचे झुंजार नेतृत्व आठवते. शेतकऱ्यांनी दाखल केलेल्या हरकतींच्या अर्जांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. वास्तविक लढ्याचा आर्थिक गाभा त्या अर्जांत होता.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार कलम ४ ची अधिसूचना निघाल्यावर तीस दिवसांत हरकत घेता येई. जिल्हाधिकाऱ्याने सुनावणी करावी, अहवाल शासनाकडे धाडावा, आणि शासनाचा निर्णय अंतिम! जमीन घेऊ इच्छिणारा आणि निवाडा करणारा एकच. हरकत संपादनालाच घेता येई हे खरे. परंतु सारी यंत्रणा बाजारभाव आणि त्यावरील तीस टक्के दिलासा रक्कम यांच्याच हिशेबात गुंतलेली असे.

पेण तालुक्यातील बावीस गावांनी हा हिशेबच अमान्य केला. त्यांची जमीन हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील. धरण जनतेच्या पैशातून उभे राहिले, पण कालवे अपुरे राहिले आणि पाणी नवी मुंबईकडे गेले. पाणी न पोहोचल्यामुळे जमीन एकपिकी राहिली आणि एकपिकी म्हणून तिचा भाव उतरला. अशा वेळी 'बाजारभाव' या शब्दाने नेमके काय मोजले जाते? जमिनीची उत्पादकता खचितच नव्हे. शासनाने जे करावयाचे होते आणि केले नाही, त्याचीच ती किंमत. आणि तीही शेतकऱ्याच्याच पदरातून वसूल व्हावयाची. खारबांध आणि उघाड्या राखून पिढ्यान् पिढ्या खाडीचे पाणी थोपविणाऱ्यांच्या श्रमाला तर या हिशेबात रकानाच नव्हता.

मोबदल्याच्या आश्वासनाचा अनुभव या मुलखाला नवा नव्हता. नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले होते.

२१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने या बावीस गावांत जमीनधारकांचे मतदान घेतले. कायद्यात अशा मतदानाला आधार नव्हता. तरी ते घ्यावे लागले, हेच चळवळीचे यश. कौल प्रकल्पाच्या विरोधात गेला. पुढे मुदतीत निवाडा न झाल्यामुळे २००९ मध्ये संपादन बारगळले. विजय खराच, पण तो मुदत संपल्याने पदरात पडला. हरकत मान्य झाल्याने नव्हे, हे विसरता येत नाही.

शिवाय, मत कोणाला होते? ज्याच्या नावे जमीन, त्याला. त्याच शेतांत लावणी-कापणी करून पोट भरणाऱ्या कातकऱ्याला नव्हते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी ऐंशी टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली. ही मोठी सुधारणा होय. परंतु कलमांचे शब्द बारकाईने वाचावेत. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर राबलेला, उपजीविकेसाठी तिच्यावरच अवलंबून असलेला शेतमजूर या कायद्याने पुनर्वसनासाठी 'बाधित' ठरतो. संमतीची टक्केवारी काढताना मात्र जमीनमालक आणि शासनाकडून जमीन मिळालेली कुटुंबे एवढीच मोजली जातात. कातकरी पाड्यावरचा मजूर २००८ मध्ये मतपेटीबाहेर होता, तो या कायद्याखालीही संमतीच्या गणतीबाहेरच राहिला आहे.