वृद्धांची जखम आणि घरातील ताट
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर मुलांना शिकविले, एवढीच माझी पुंजी. तथापि आज ज्या विषयावर बोलण्यास उभा आहे, तो मी पुस्तकात वाचण्यापूर्वी माझ्या घरात भोगला आहे.

२०१९ साली माझ्या मातोश्री वयाच्या ८४व्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. परंतु अंथरुणावर पडून पडून कमरेखाली शय्याव्रण झाला. रोज मलमपट्टी होई, औषधे चालू होती, तरी सहा आठवडे लोटले तरी जखम भरून येईना. अखेर शस्त्रवैद्यांनी मला विचारले, “गुरुजी, आई दिवसभरात खातात काय?” मी शिक्षकी शिस्तीने लिहून काढले: सकाळी चहा, दुपारी भाताची पेज व मुगाच्या डाळीचे वरचे पाणी, रात्री साबूदाण्याची खीर. एकादशी आणि सोमवार निराळेच. ते टिपण वाचून ते म्हणाले, “मग जखम भरायची कशाने?” त्या प्रश्नाने मी खाली मान घातली. जे आम्ही पथ्य समजत होतो, ती वास्तविक उपासमार होती.

बंधुभगिनींनो, जखम भरणे म्हणजे नवे बांधकाम होय. त्वचा व तिच्याखालील मांस ज्या तंतूंनी विणले जाते, ते प्रथिनांचे असतात. वाहणाऱ्या जखमेवाटे शरीरातील प्रथिनेही बाहेर पडत असतात. बाहेरून पुरवठा झाला नाही, तर शरीर आपल्याच स्नायूंचा साठा मोडून खर्च भागविते. आणि वृद्धांच्या ठिकाणी तो साठा वयपरत्वे आधीच आटलेला असतो. म्हणून शय्याव्रण झालेल्या वृद्धास वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण ६२ ते ७५ ग्रॅम होते. त्याचबरोबर किलोमागे ३० ते ३५ कॅलरींचे पुरेसे अन्नही हवे. नाहीतर प्रथिने बांधकामाऐवजी सरपण म्हणून जळून जातात.

हा हिशेब आपल्या स्वयंपाकघरात सहज बसतो. साठ ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, अर्धा लिटर दूध-दही, दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या, मूठभर दाण्यांचे कूट आणि दोन अंडी, एवढ्यात साठाच्या वर ग्रॅम होतात. अंडे वर्ज्य असलेल्या घरी पनीर अथवा उसळ आहे. डाळीच्या वरच्या पाण्यात मात्र फारसे काही नसते. सत्त्व खाली राहिलेल्या डाळीत असते.

दुसरी गोष्ट ‘क’ जीवनसत्त्वाची. क्रँडन नावाच्या एका अमेरिकन शस्त्रवैद्याने १९३९–४० च्या सुमारास स्वतःवरच प्रयोग केला. ‘क’ जीवनसत्त्वाचा लेशही नसलेला आहार तो महिनोन्महिने घेत राहिला. तीन महिन्यांनी मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेली मात्र भरेना. ते जीवनसत्त्व दिल्यावर ती भरून आली. आपल्याकडे आवळा, पेरू, लिंबू यांची वाण नाही. फार शिजविल्याने हे सत्त्व नष्ट होते, म्हणून लिंबू ताटात वाढताना पिळावे.

आणि हे काही परके ज्ञान नव्हे. सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले आहेत, त्यांत आहाराची गणना केलेली आहे. आपल्या घरी बाळंतिणीस डिंकाचे व अळिवाचे लाडू आवर्जून दिले जातात. झिजलेले शरीर पुन्हा उभे करावयाचे असते, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. मग तीच आजी स्वतः अंथरुणास खिळली म्हणजे तिच्या वाट्याला पेज का यावी? सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची सवय तिला जन्माची जडलेली असते. “मला नको, भूक नाही,” हे तिचे शब्द आपणही फार लवकर खरे मानतो.

काही सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण वैद्यांस विचारूनच ठरवावे. मधुमेह्यांनी रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, पण साखरेच्या भयाने जेवण तोडू नये. दात नसल्यास अन्न मऊ करावे, पातळ पाणी करू नये. एकदम जात नसेल तर दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे. महिन्यातून एकदा वजन करावे. विनाकारण घटणारे वजन ही धोक्याची सूचना होय. आणि केवळ आहाराने सर्व साधते असेही नाही. कूस पालटणे, स्वच्छता व औषधोपचार ही हवीतच.

मातोश्रींचा आहार बदलला. उपवास सोडण्यास त्या राजी नव्हत्या; तेव्हा मीच त्यांच्यापुढे बसून म्हणालो, “आई, तुमची एकादशी यापुढे मी करीन; तुम्ही जेवा.” त्या हसल्या आणि जेवल्या. चौथ्या महिन्यात जखम भरून आली. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या, परंतु त्या वेदनेविना गेल्या. एकादशी मी आजही करतो. फुकट गेलेल्या सहा आठवड्यांचा सल मात्र मनातून जात नाही.

म्हणून एवढीच विनंती: घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांच्या ताटाकडे एकवार नीट पाहा.