कासवाचं कुरण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कासव म्हटलं की आपल्याला आठवतं ते देवळातलं, गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं दगडी कासव. त्याला ना भूक, ना तहान. म्हणूनच की काय, जिवंत कासवाबद्दलही आपली अशी समजूत असते, की याला फारसं काही लागत नाही. कोपऱ्यात पडून असतं, द्याल ते खातं. ही समजूत किती चुकीची आहे ते मी रोज सकाळी बघते. आमच्या घरी एक कासव आहे आणि त्याच्यासाठी मला चक्क शेती करावी लागते.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. शेजारच्या आजी वृद्धाश्रमात गेल्या, तेव्हा त्यांचं कासव आमच्याकडे आलं. आम्ही त्याला तात्या म्हणतो. तात्या जमिनीवरचं कासव, मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. आजींनी ते १९७० नंतरच्या काही वर्षांत दुकानातून विकत आणलेलं. त्या काळी मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया या देशांतून रानातली कासवं धरून, पेट्यांत रचून ब्रिटनमध्ये आणत. लाखांनी आली आणि फार मोठ्या संख्येनं मेली. शेवटी १९८४ मध्ये ही आयात बंद झाली. काही थंडीनं गेली, काही प्रवासाच्या हालांनी, आणि कितीतरी लोकांच्या प्रेमानं गेली. प्रेमानं म्हणजे काय, तर लोक त्यांना बशीत दूध-पाव देत, केळं देत, टोमॅटो देत.

यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. तात्याच्या जातीचं कासव खडकाळ, कोरड्या माळावरचं. त्याचं पोट चोथा पचवायला बनलेलं. आतले सूक्ष्म जीव सावकाश तंतू कुजवतात आणि त्यावर ते जगतं. तिथे गोड फळ गेलं की आतला सगळा कारभार बिघडतो. प्रथिनं जास्त झाली की मूत्रपिंडावर ताण येतो. आणि कवच म्हणजे हाड, त्याला कॅल्शियम हवं. म्हणून पानं अशी निवडायची, की त्यांत फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असेल. पालक आपल्याला पौष्टिक वाटतो, पण त्यातली ऑक्झॅलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात. दुकानातल्या लेट्यूसमध्ये बरंचसं पाणीच. दक्षिण अमेरिकेतल्या जंगलात लाल पायांची कासवं असतात, ती फळं खातात; पण ती वेगळी. आपलं कासव कुठल्या मातीतलं, हे आधी ओळखायचं.

मग याला घालायचं काय? उत्तर सोपं आहे : तण! माळी जे उपटून टाकतो, ते. डँडेलियन हे पिवळ्या फुलाचं तण इथल्या प्रत्येक हिरवळीत माजतं. दुसरं सोथिसल. आपल्याकडे रानात मिळणारी पाथरीची भाजी भाकरीबरोबर ज्यांनी खाल्ली असेल, त्यांना ही दोन्ही झाडं पाहताक्षणी ओळखीची वाटतील, कारण ती पाथरीच्याच गोतातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट नावाचे एक निसर्गप्रेमी पाद्री होऊन गेले. त्यांच्याकडे टिमथी नावाचं कासव होतं. त्याला चिकाच्या वनस्पती सर्वांत आवडतात, हे त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवलंय. (टिमथीचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. पुढे तपासणीत कळलं, की टिमथी मादी होती!) शिवाय प्लँटेन, म्हणजे आपल्या इसबगोलाचा चुलतभाऊ. थोडं क्लोव्हर. खिडकीत जास्वंदीची कुंडी. तिची पानं आणि फुलं दोन्ही चालतात. फड्या निवडुंगाचं पान काटे काढून दिलं तर मेजवानीच.

आता लागवड. सहा इंच खोल पसरट कुंड्या घ्यायच्या. एकाच दिवशी सगळं बी न पेरता दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक कुंडी पेरायची, म्हणजे कोवळा पाला सतत मिळतो. वाफ्याचे दोन भाग करून एकाला जाळी लावायची. कासव एका भागात चरतं, तोवर दुसरा भाग वाढतो. गुराख्यांना हे काही नवीन नाही. जेवढं कवच, साधारण तेवढा पाल्याचा ढीग रोजचा. रोज एकच पान न देता चार-पाच प्रकार मिसळायचे. वर समुद्रफेनाचा तुकडा ठेवायचा. कोकणच्या किनाऱ्यावर सापडतो, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना देतात, तोच. कॅल्शियमसाठी तो उत्तम.

काही गोष्टी मात्र कटाक्षानं पाळायच्या. रस्त्याकडेचा पाला नको; तिथे तणनाशक मारलेलं असतं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप लगेच तोंडाशी द्यायचं नाही. त्यावर कीटकनाशक असतं, कधी ते आत रसात भिनलेलं असतं. माती बदलून काही महिने वाढवायचं आणि मग नवी फुटलेली पानं द्यायची. कण्हेर, लिली, डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह ही विषारी झाडं कासवाच्या वाटेवरसुद्धा नकोत. झाडाची ओळख शंभर टक्के पटली नसेल, तर ते कासवाला द्यायचंच नाही.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट सांगते. हे ऐकून पुण्याचा आमचा भाचा म्हणाला, “मावशी, मीपण एक कासव आणतो, गॅलरीत जागा आहे.” त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं आपलं तारा कासव घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये सर्वांत कडक बंदी आली. तरीही, घरात कासव असलं की लक्ष्मी येते म्हणून कुणी ते घेतं, आणि परदेशी शौकिनांसाठी चोरटे ते पिशव्यांत भरून नेतात. तात्याच्या पिढीचं जे झालं, तेच आज आपल्या कासवाचं चाललंय. कुणाकडे असं कासव दिसलं, तर वनखात्याला कळवा. परस्पर रानात सोडू नका, कारण ते कुठल्या भागातलं आहे आणि त्याला काही रोग आहे का, हे आपल्याला ठाऊक नसतं.

तात्यासारखी जी कासवं कधीच माणसाच्या हाती येऊन चुकली, त्यांना आता परत पाठवता येत नाही. त्यांचं ऋण मातीत हात घालूनच फेडावं लागतं. तात्या पन्नाशी ओलांडून गेलाय आणि बहुधा माझ्या मागेही राहील. म्हणून दर उन्हाळ्यात मी बी धरते, पुड्या बांधते, वर झाडाचं नाव लिहिते. ज्याच्या घरी तात्या पुढे जाईल, त्याच्या हाती कासवाबरोबर या पुड्याही जातील. रानातल्या कासवाला मात्र कुणी बी पेरून द्यावं लागत नाही. त्याचं कुरण त्याच्या पायाखाली आहे, तेवढं आपण राखलं तरी पुष्कळ झालं.