काटेरी गोळ्यांची ओळख

1830च्या दशकात एरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला चकमकीच्या दगडात सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी गोळे दिसले. गोड्या पाण्यातलं शेवाळ असावं, असं त्यानं ठरवून टाकलं. हा घोळ शंभरावर वर्षं चालला! 1961 साली विल्यम एविट यांनी दाखवून दिलं, की यातले बरेचसे गोळे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचे कोश आहेत.

खूण पटली ती कोशाच्या भोकावरून. आतली पेशी बाहेर पडते तेव्हा कवच वेडंवाकडं फुटत नाही. ठरावीक तुकडाच निघतो, जिवंत पेशीच्या चिलखतातल्या एका किंवा अधिक पट्ट्यांच्या आकाराचा. तो अगदी टोकाचा, की पेशीच्या कंबरेभोवतीच्या खाचेलगत वरचा, हे वर्गीकरणात फार मोलाचं.

मग बाकीचं रूप. काही कोश चिलखताला चिकटून बनल्यासारखे, काहींना लांब काटे, तर काहींच्या दोन भिंतींमध्ये पोकळी. काटे नजरेत भरतात खरे, पण त्यांच्या लांबीवर फार विसंबू नये. काही जातींत ती पाण्याच्या खारेपणानुसार बदलते. आणि हे कोश दगडातून मोकळे कसे करायचे? दगड हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळतो. कोश मात्र शाबूत राहतात.